हात तेवढा राहिलाय

९ जानेवारी

ताई,

फोन करणार होते, पण तुझं ठरलेलंच आहे. ठकीचं नाव निघायचा अवकाश, तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. एवढी गिऱ्हाइकं खरोखर आली असती तर आज तुझं औषधाचं दुकान तीन मजली झालं असतं. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच 'ठेवते गं' म्हणता येत नाही. आणि फाडणारी तू नाहीस. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा घडी घालून ठेवणारी बाई तू, मला काय माहीत नाही?

तर ऐक. तुझी लेक पास झाली. शिल्पकलेची पदवी मिळाली, तीसुद्धा चांगल्या मार्कांनी. तिनं औषधांचं शिक्षण अर्धवट टाकलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "माती कालवायची असेल तर खुशाल कालव, पण माझ्या दारात चिखल आणू नकोस." तेव्हापासून ठकी माझ्याकडे आहे आणि चिखल माझ्या दारात आहे. माझी तक्रार नाही. शिवणाच्या मशीनवर मातीचे ठिपके पडतात, गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटवर एकदा पांढरा पंजा उमटला होता, पण घरात माणूस आहे असं वाटतं.

यंदा पास झालेली सगळी पोरं मिळून प्रदर्शन भरवतायत. एक जुनं सुताचं गोदाम मिळालंय, उंच खिडक्यांचं. आठ फेब्रुवारीला उघडणार, आठवडाभर चालणार. ते संपलं की महिनाअखेर ठकी लांब जाणार आहे, दगडाच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला. दोन वर्षं. हे मी मुद्दाम सांगतेय. चार वर्षं तुम्ही दोघी एकाच बसच्या रस्त्यावर राहून बोलला नाहीत, मग तर मध्ये डोंगर येतील. त्याच्या आत तू प्रदर्शनाला यायचंस. बास, एवढंच माझं म्हणणं आहे.

गुडघा बरा आहे. गोळ्या संपत आल्यात. ठकीचे हात मात्र प्लॅस्टरनं पार फुटलेत, रक्त येतं कधीकधी. तुला म्हणून सांगत नाही, आपलं सहज लिहिलं.

तुझी धाकटी

१७ जानेवारी

ताई,

पुडकं मिळालं. गुडघ्याच्या गोळ्या मिळाल्या. सोबत एक मलमाची ट्यूब निघाली, ती मी मागितली नव्हती. तिच्यावर तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात 'हाताला. दिवसातून दोनदा' असं लिहिलंय. चिठ्ठी नाही, खुशाली नाही, नुसता डोस! बरं बाई. मी ठकीला दिली. कुणी पाठवली ते सांगितलं नाही. तिनं अक्षर बघितलं, मला काही विचारलं नाही, आणि ट्यूब खिशात ठेवली. मायलेकी अगदी एका माळेचे मणी.

आता एक बातमी सांगते, हसू नकोस. माझा पुतळा होतोय!

झालं असं, की ठकी म्हणाली, "मावशी, मला रोज थोडा वेळ बसशील का समोर?" मी म्हटलं, माझ्यात काय बघण्यासारखं आहे? तर म्हणते, "तू सुईत दोरा ओवतेस ना, तशी बस. हात वर, उजेडाकडे, डोळे बारीक करून." कमरेपर्यंतचा पुतळा आहे, माणसाएवढाच. मी रोज दुपारी मशीन बंद करते आणि तिच्या खोलीत स्टुलावर बसते, चिमटीत सुई धरून. हात भरून येतो, पण कुरकुर करत नाही. तळमजल्याच्या बाईला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बटणं विकणाऱ्या म्हाताऱ्याला तर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "जिवंत माणसाचा पुतळा करतात का?" मी म्हटलं, तुमचा नाही करणार, काळजी करू नका.

खरं सांगू? आयुष्यभर लोकांची मापं घेतली, ताई. माझं माप पहिल्यांदाच कुणी घेतंय. बरं वाटतं गं.

धाकटी

२५ जानेवारी

ताई,

मी स्वतःच स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि स्वतःच धपकन पडले.

चारपाच दिवसांपासून ठकी मला सारखी दुरुस्त करत होती. "मावशी, मान जरा डावीकडे." "मावशी, ओठ आवळ, रागावल्यासारखे." मी म्हटलं, सुईत दोरा ओवताना मी कशाला रागावू? दोऱ्याशी काय माझं वैर आहे? तरी केलं. काल म्हणते, "मावशी, चष्मा काढून कपाळावर ठेव."

मी चष्मा कपाळावर ठेवला तर मला सुई काय, ठकी पण दिसत नाही. कपाळावर चष्मा ठेवून गोळ्यांचं पाकीट डोळ्यांशी धरणारी, उजेडात तारीख वाचणारी आणि मग 'माझा चष्मा कुठंय' म्हणून सगळं दुकान उलथंपालथं करणारी या जगात एकच बाई आहे. ती हे पत्र वाचतेय. चष्मा कपाळावर असेल तर खाली घे.

मी उठले, ओल्या मातीकडे नीट बघितलं. सुई नाहीच हातात, गोळ्यांचं पाकीट आहे. हनुवटी तुझी, खांदा तुझा, तो उजवा खाली गेलेला. माझं शरीर घेऊन पोरीनं आई केली! आपण दोघी एका वळणाच्या, म्हणून मला बसवलं. तू काही बसायला येणार नव्हतीस.

मी विचारलं, "आणि मी कुठंय यात?" दूधवाल्याला आता काय सांगू, हेच आधी मनात आलं. ठकीनं मातीच्या हातांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "कान तुझे ठेवलेत मावशी. आई कुठं कुणाचं ऐकते?"

यावर कोण रुसून बसणार? मी हसले आणि परत स्टुलावर बसले. चष्मा कपाळावर, ओठ आवळून. तुझ्यासारखं बसणं सोपं नाही हं, मान आखडते. तू दिवसभर कशी बसतेस?

अंगठा मात्र तिनं माझा घेतलाच नाही. माझ्याकडे न बघता केला. दुकानाच्या शटरखाली तुझा अंगठा सापडला होता ना, नख दुभंगून एका बाजूला कललेलं, तस्सा हुबेहूब. तेव्हा ठकी केवढीशी होती! टेबलावर बसून तुझ्या बोटावर ओलं फडकं धरलं होतं तिनं. ते तिच्या हातांनी लक्षात ठेवलंय. मला बघवेना, मी चहा करायच्या निमित्तानं उठले.

आठ तारखेला ये. तुझ्याकडे अशी कोण बघत बसलीय ते एकदा बघून जा.

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

घात झाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तो मारुतीही फुटका.

तुला नीट समजावून सांगते, कारण मलाही आत्ताच कळलंय. माती पुरी झाली की तिच्यावर प्लॅस्टरचा साचा चढवतात. साचा कडक झाला की आतली माती उकरून टाकायची आणि पोकळीत पांढरं प्लॅस्टर ओतायचं. मग वरचा साचा छिन्नीनं फोडून काढायचा, आतून पुतळा निघतो. पण फोडताना साचा कुठं संपतो आणि पुतळा कुठं सुरू होतो हे कळायला हवं ना? म्हणून साच्याच्या पहिल्या पातळ थरात नीळ घालतात. वरचे जाड थर पांढरे. छिन्नीला निळं लागलं की समजायचं, आता जपून, आत माणूस आहे.

तर साचा चढवताना तिच्यासोबतची पोरं आपापल्या कामात होती, म्हणून मी मदतीला गेले. प्लॅस्टर बघता बघता दगड होतं, त्यामुळे एकीनं कालवायचं, एकीनं लावायचं. पहिली बादली तिनं स्वतः कालवली, नीळ घालून. दुसऱ्या बादलीपासून कुणीतरी दुसऱ्यानं कालवलं. आणि त्या कुणीतरी दुसऱ्या बादलीतही नीळ घातली. तिसऱ्यातही. शेवटच्या बादलीला पुडी संपली, म्हणून वरून तेवढं पांढरं.

कुणीतरी म्हणजे कोण, हे तू विचारणारच. मी! मीच ती शहाणी! मला वाटलं, कपड्याला घालतो तशी घालतात, पांढरंशुभ्र दिसावं म्हणून. पुडी उघडी होती, मी म्हटलं पोरगी घाईत विसरली असेल. संध्याकाळची वेळ, पिवळा दिवा, ओलं प्लॅस्टर सगळं सारखंच दिसत होतं. तिचं लक्ष बादलीकडे नव्हतं, तुझ्या पुतळ्याकडे होतं.

काल फोडायला बसली. पहिलाच घाव घातला आणि थांबली. वरचा थर सोडला तर खाली सगळं निळंच. मला वाटलं आता ओरडेल. मी तोंड उघडून सांगितलं, की बाई, हे माझं काम. तिनं छिन्नी खाली ठेवली, आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मावशी, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण इथं देव कुठंय तेच दिसत नाहीये."

मग आंधळ्यासारखी चाचपत फोडत राहिली. चेहरा निघाला ताई, सुरेख निघाला. कपाळावरचा चष्मासुद्धा. खांदे निघाले. माझे कान निघाले. वर उचललेला हात मात्र नाजूक होता. पांढरं दिसलं तेव्हा छिन्नी अंगठ्यात गेलेली होती, आणि पाठोपाठ मनगटापासून सगळा पंजा खाली. तुकडे गोळा केले, पण त्याचा नुसता चुरा होता.

मी म्हटलं, नवा कर, मी बसते. ती माझा हात हातात घेऊन बसली. चार वेळा केला, चार वेळा मोडला. मी म्हटलं, अगं आधी केला होतास ना माझ्याकडे न बघता? तर ताई, ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "तेव्हा आठवत होता गं. केला, आणि तुटला, आणि आता आठवतच नाही. आई पाकीट धरते तेव्हा अंगठा पुढे असतो की बोटाच्या मागे? मला आईचा हात आठवत नाहीये, मावशी."

आम्ही जुने फोटो काढून बघितले. सगळ्या फोटोंत तू हात मागे बांधून उभी. फोटोत तरी हात सुटे ठेवावेत की नाही माणसानं!

माझ्या मूर्खपणाची शिक्षा मला दे, दहा पत्रांतून दे. पण तू ये. अर्धा दिवस दुकान बंद ठेवून ये. काही बोलू नकोस हवं तर. नुसती बस तिच्यासमोर हात धरून.

धाकटी

५ फेब्रुवारी

ताई, आज पुडकं आलं. गुडघ्याच्या गोळ्या. मलम नाही, चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. आठ तारखेला सकाळी अकराला उघडणार आहे. बसथांब्यापासून सरळ चालत यायचं, लोखंडी जिना असलेली इमारत. वाट बघते.

९ फेब्रुवारी

ताई,

आली नाहीस. दाराकडे बघून बघून माझी मान तुझ्या पुतळ्यासारखी झाली.

तरी सगळं सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि दूधवाल्याशी मी सध्या पुतळ्याविषयी बोलत नाही. गोदाम ओळखू येत नव्हतं. भिंती पांढऱ्या, ठोकळे पांढरे, आणि पोरंच तेवढी रंगीबेरंगी, नवे कपडे घालून घाबरून उभी. एकानं जुन्या नटबोल्टांच्या माशांचे थवेच्या थवे छताला टांगले होते. त्याचा बाप खालून एकेक बोल्ट ओळखत होता, "हा माझ्या गाडीचा, हाही माझ्याच गाडीचा!" एका पोरीनं खुर्ची केली होती. मी दमले होते, बसले. सगळे धावले! खुर्ची साबणाची होती. ती पोरगी रडेल असं मला वाटलं, पण ती खूश. म्हणाली, "पहिलं माणूस खरंच बसलं!" आता माझ्या कपड्यांना साबणाचा वास येतोय आणि खुर्चीला माझा आकार आलाय. शेवटी माझंही शिल्प झालंच म्हण.

तुझ्यासमोर मात्र गर्दी होती. मनगटापर्यंत हात वर, आणि पुढे काहीच नाही. लोक गंभीर होऊन बघत होते. एक दाढीवाला म्हणाला, "जे हातून निसटलं, ते दाखवलंय." मी म्हणणार होते, अहो, निसटलं नाही, मी तोडलंय. ठकीचे सरही म्हणाले, "असंच ठेव, हाताशिवायच जास्त बोलतंय." एका मोठ्या कचेरीच्या मालकीणबाई आल्या. त्यांना दर्शनी भागात ठेवायला हवं होतं, आहे तस्सं. पहिल्याच प्रदर्शनात कुणी विकत मागणं म्हणजे काय, हे मला त्या पोरांच्या तोंडांवरून कळलं.

आणि तुझी लेक काय म्हणाली? "नाही, हे पुरं झालेलं नाही. हात तेवढा राहिलाय." बाई गेल्या. सर कपाळाला हात लावून बसले. जो येईल त्याला ती हेच सांगते, हात तेवढा राहिलाय. मी चिडले. घरी येताना म्हटलं, अगं, लोकांना आवडतंय ना तुटकं, मग विकावं की! ती म्हणाली, "त्यांना आवडायला काय झालं, त्यांची आई नाहीये ती."

हट्टीपणा कुणाचा घेतलाय, ते लिहायला नको.

मी आज रागावलेली आहे. गुडघ्याच्या गोळ्या पाठवू नकोस. पाठवल्यास तर दोन पाठव, एक तुझ्या डोक्यासाठी.

धाकटी

१६ फेब्रुवारी

ताई, अगं लबाडे!

काल प्रदर्शन संपलं. आम्ही सामान बांधत होतो. तिथं दारावर एक काका बसतात, 'हात लावू नका' एवढंच दिवसभर म्हणायचं त्यांचं काम. ते ठकीजवळ आले आणि म्हणाले, "पोरी, तुझी ही पुतळ्यातली बाई शुक्रवारी येऊन गेली."

शुक्रवारी दुपारी ठकीला मी बळेबळे जेवायला नेलं होतं. नेमकी तेव्हाच आलीस. की आम्ही बाहेर पडेपर्यंत जिन्याखाली उभी होतीस? मला दाट संशय आहे.

काका म्हणाले, आत आली, इकडेतिकडे काही बघितलं नाही, सरळ जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग काकांना विचारलं, "हात कुठंय?" ते म्हणाले, "हात तेवढा राहिलाय, असं ती पोरगी सगळ्यांना सांगते." मग म्हणे त्या बाईनं चष्मा कपाळावर सारला आणि स्वतःचा हात उचलून त्या तुटक्या मनगटापुढे धरला, अगदी टेकवून. काका ओरडले, "बाई, हात लावू नका!"

"माझाच आहे," म्हणालीस तू.

काका म्हणाले, मग मी पुतळ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं आणि दाराकडे तोंड करून बसलो.

आणि ठोकळ्यावर तू ठेवून गेलेली ट्यूब त्यांनी खिशातून काढून ठकीला दिली. 'हाताला. दिवसातून दोनदा.' खाली या वेळी आणखी एक ओळ. 'संपल्यास दुकानातून घेऊन जाणे.' ताई, माझ्या बाई, चार वर्षांनी लेकीला बोलावायचं आणि तेही गिऱ्हाइकासारखं! पण बोलावलंस. मी तिथंच त्या साबणाच्या खुर्चीत बसून रडले, यावेळी कुणी उठवलं नाही.

ठकी रडली नाही. तिनं ट्यूब उघडली, दोन्ही हातांना नीट मलम चोळलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग मला विचारते, "मावशी, दुकान किती वाजता उघडतं?" त्या दुकानात लहानाची मोठी झालेली पोरगी मला विचारते! मी म्हटलं, मला काय माहीत, तूच जाऊन बघ.

तर आज ती निघालीय. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्याच हाती देते. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ती काउंटरच्या पलीकडे उभी असेल, खांद्यावर ओल्या मातीची पिशवी घेऊन. तुझ्या दारात चिखल नको होता ना? पिशवीभर येतोय. मीच फडक्यात गुंडाळून भरून दिलाय, वाळू नये म्हणून. नीळ घातलेली नाही, शपथ.

गिऱ्हाईक आलं तर थांबू दे. एवढी वर्षं तुझ्या खोट्या गिऱ्हाइकांसाठी मी थांबले, आज खऱ्यांनी थोडं थांबावं.

आणि हे बघ, आता पुढे वाचू नकोस. तुला शेवटपर्यंत वाचायची खोड आहे, मला माहीत आहे. राहिलेलं नंतर वाच, राहिलेलं काही नाहीच. पत्र खाली ठेव, ताई. हात पुढे कर.

धाकटी